मीठ, हळद आणि पाऊण युनिट

या रे पोरांनो, जवळ बसा. आधी ती खिडकी उघडा मात्र. या वाटीत मिठाचं पाणी आहे, त्यात चिमूटभर हळद कालवलीय आणि पेन्सिलीची दोन शिसं बुडवून ९ व्होल्टांच्या बॅटरीला जोडलीत. ऋण टोकाशी बघा, बारीक बुडबुडे सुटताहेत आणि तिथली हळद लाल होतेय. बुडबुडे हायड्रोजनचे. हळद लाल केली कॉस्टिक सोड्यानं, ज्याचा साबण होतो त्यानं. धन टोकाचा उग्र वास क्लोरीनचा. नळाच्या पाण्यातले जंतू मारतो तोच. बस्स, काढा तार. हा वायू हुंगत बसायचा नसतो.

मीठ आणि पाणी, त्यातून तीन वस्तू! कारखान्यातही हेच चालतं, पण वीज अफाट लागते. मायकेल फॅरडेनं १८३०च्या दशकात दाखवून दिलं, की माल किती निघणार हे विजेचा प्रवाह किती वाहिला यावर ठरतं. १ किलो क्लोरीनला सुमारे ७५६ अँपिअर-तास. त्यात निसर्ग रतीभर सूट देत नाही. मग वाचवायचं काय? व्होल्ट! एक व्होल्ट कमी लागला, की किलोमागे पाऊण युनिट वाचलं. आपल्या मीटरवर पडतं तेच युनिट.

१८९२ साली कास्टनर आणि केल्नर यांनी, एकमेकांच्या नकळत, पाऱ्याचा घट काढला. सोडा शुद्ध मिळे, पण चार व्होल्टांच्या आसपास लागत, आणि पाऱ्यासारखं विष कारखान्याबाहेर झिरपे. पुढे धन टोकाला झिजणाऱ्या ग्रॅफाइटऐवजी रुथेनियम ऑक्साइडचा लेप दिलेलं टायटॅनियम आलं. मग आला पातळ पडदा. तो दारावरच्या राखणदारासारखा सोडियमला आत सोडतो, क्लोराइडला अडवतो. १९७५ मध्ये जपानात नोबेओकाला असा कारखाना सुरू झाला. आता तीनेक व्होल्ट पुरतात, म्हणजे किलोला साधारण सव्वादोन युनिटं.

आणि याहून कमी? ऋण टोकाला ऑक्सिजन पुरवला, तर हायड्रोजन सुटतच नाही आणि दोनेक व्होल्टांत काम भागतं. जर्मनीत क्रेफेल्ड-उर्डिंगेनला २०११ मध्ये असा कारखाना उभा राहिला. हायड्रोजन मात्र हातचा जातो. म्हणून तो जिथे कामाला येतो तिथे पडदाच बरा, आणि जिथे नुसता वाया जातो तिथे ऑक्सिजन, असं माझं मत.