पावसात टीव्हीवरचे चित्र का तुटते?

मुसळधार पाऊस सुरू झाला की डीटीएचच्या पडद्यावर आधी चौकटी दिसू लागतात, मग चित्र थिजते. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. पूर्वी ॲन्टेनावर येणाऱ्या लहरी दुबळ्या झाल्या तर पडद्यावर 'मुंग्या' येत, पण अंधुक का होईना, चित्र दिसत राही. आताच ते असे एकाएकी का तुटावे?

उपग्रहाकडून येणाऱ्या सुमारे २.५ सेंटिमीटर लांबीच्या लहरी पावसाचे थेंब शोषतात व विखुरतात, हे खरे. पण उरलेले उत्तर चित्र पाठवण्याच्या रीतीत आहे. ७२० × ५७६ ठिपक्यांचे चित्र, दर ठिपक्याला २४ बिट, सेकंदाला २५ चित्रे. गुणाकार करून पाहा, जवळजवळ २५ कोटी बिट होतात! म्हणून अधूनमधून एक पूर्ण चित्र पाठवून मधल्या चित्रांत फक्त झालेला बदल कळवतात. बातम्या देणाऱ्या बाईंच्या मागची भिंत दर वेळी कशाला पाठवायची? अशा काटकसरींनी ४०-५० लाख बिटांत भागते. मात्र एक चित्र बिघडले की त्याच्या आधाराने काढलेली पुढची चित्रेही बिघडतात.

शिवाय तुमचा संच उपग्रहाला 'पुन्हा सांगा' म्हणू शकत नाही. दुरुस्तीची सोय चित्राबरोबरच पाठवावी लागते. ती कशी?

समजा, ७, ४, ९ हे आकडे पाठवायचे आहेत. सोबत त्यांची बेरीज २० पाठवू. आणखी एक बेरीज पाठवू: पहिल्याची १ पट, दुसऱ्याची २ पट, तिसऱ्याची ३ पट, म्हणजे ४२. वाटेत ४ चा ६ झाला. आता बेरजा येतात २२ आणि ४६. फरक २ आणि ४. ४ ला २ ने भागले की २. म्हणजे दुसरा आकडा २ ने वाढला आहे! जादा आकडे २, दुरुस्त झालेली चूक १.

इर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन ह्यांनी १९६० साली मांडलेली युक्ती ह्याच जातीची, पण कितीतरी समर्थ आहे. डीव्हीबी-एस ह्या उपग्रह प्रक्षेपणाच्या पद्धतीत १८८ बाइटांना १६ जादा बाइट जोडतात. २०४ पैकी कोणतेही ८ चुकले तरी ते दुरुस्त होतात. तोवर चित्रावर डागही दिसत नाही. ८ हून अधिक चुकले की मात्र ही दुरुस्ती लागू पडत नाही.

आता वहीत करून पाहा. ५, ८, १, ६ असे आकडे आले. पाठवलेल्या बेरजा २२ व ५४. कोणता आकडा चुकला? मग मुद्दाम दोन आकडे चुकवा आणि काय होते ते पाहा.