घटनादुरुस्तीला चर्चचा विरोध: तो कुठून निघतो, कुठे पोहोचतो

ठाण्यात मासुंदा तलावाच्या जवळ सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च आहे. तिथे येणाऱ्यांत ईस्ट इंडियन आहेत, मंगळुरी आणि गोव्याचेही आहेत. कल्याणला रेल्वेमुळे अँग्लो-इंडियन कुटुंबं आली, डोंबिवलीत नोकरीनिमित्त केरळची माणसं स्थिरावली; इतकी, की १९८८ साली सिरो-मलबार चर्चनं केरळबाहेरच्या आपल्या लोकांसाठी जो धर्मप्रांत उभा केला त्याला नावच कल्याणचं मिळालं. या सगळ्यांच्या मोबाइलवर मधूनमधून एकच निरोप फिरतो: राज्यघटना बदलतायत, चर्चनं विरोध करायलाच हवा.

काळजी खरी असते. पण विरोध नेमका कशाला, कोणाकडे आणि कोणत्या टप्प्यावर करायचा, हे त्या निरोपात नसतं. ते माहीत नसेल तर माणसं चुकीच्या दारावर थाप मारत बसतात आणि बरोबर दार तोवर बंद होऊन जातं. म्हणून हा रस्ता पायरी पायरीनं बघू.

पहिला प्रश्न: जे येऊ घातलंय ती घटनादुरुस्ती आहे, की साधा कायदा? चर्चनं गेल्या पन्नास वर्षांत ज्या मोठ्या लढाया दिल्या, त्यातल्या बहुतेक घटनादुरुस्तीविरुद्ध नव्हत्याच. १९७८च्या डिसेंबरात जनता पक्षाचे खासदार ओम प्रकाश त्यागी यांनी लोकसभेत धर्मस्वातंत्र्य विधेयक मांडलं. जबरदस्ती, फसवणूक किंवा आमिष दाखवून होणाऱ्या धर्मांतरावर बंदी, असा त्याचा आशय. आमिषाची व्याख्या इतकी सैल होती की दवाखाना, शाळा, अनाथाश्रम यांतली कोणतीही सेवा तिच्यात बसवता आली असती. देशभरातल्या ख्रिस्ती समाजानं विरोध केला. मदर तेरेसांनी पंतप्रधान मोरारजी देसाईंना जाहीर पत्र लिहिलं. १९७९ मध्ये सरकार पडलं, लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक तिथेच संपलं. ते एका खासदाराचं खासगी विधेयक होतं आणि त्यानं घटनेतला एक शब्दही बदलणार नव्हता. राज्याराज्यांतले धर्मांतरविरोधी कायदे तसेच. समान नागरी कायदाही तसाच: कलम ४४ मध्ये त्याचा उल्लेख आधीपासून आहे, तो आणायला घटना दुरुस्त करावी लागत नाही.

हा फरक मी इतका ताणून सांगतो कारण मतांचा हिशेब त्यावर ठरतो. साध्या कायद्याला सभागृहात हजर राहून मतदान करणाऱ्यांचं साधं बहुमत पुरतं. लोकसभेची गणपूर्ती एक दशांश, म्हणजे ५५ सदस्य. तेवढेच बसले असतील तर २८ मतांनी कायदा मंजूर होऊ शकतो. घटनादुरुस्तीचं तसं नाही. कलम ३६८ दोन अटी एकाच वेळी घालतं: सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमत हवं, आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी किमान दोन तृतीयांश बाजूनं हवेत. ५४३ जागांच्या लोकसभेत पहिली अट २७२ची. सगळेच्या सगळे मतदानाला आले तर दुसरी अट ३६२ वर जाते. २४५च्या राज्यसभेत हेच आकडे १२३ आणि १६४. दोन्ही सभागृहांत वेगवेगळं मंजूर व्हावं लागतं. मतभेद झाला म्हणून संयुक्त बैठक बोलावून ते मिटवण्याची सोय इथे नाही.

पुढची पायरी बहुतेकांच्या अंदाजाच्या उलट असते. मी ज्यांच्या ज्यांच्याशी बोललो, त्यातल्या अनेकांची समजूत होती की दुरुस्ती निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांकडे जाते, म्हणून आपल्या आमदाराला भेटावं. काही दुरुस्त्या जातात खऱ्या: राष्ट्रपतींची निवडणूक, सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं, केंद्र आणि राज्यांमधली अधिकारांची वाटणी, संसदेतलं राज्यांचं प्रतिनिधित्व, आणि खुद्द कलम ३६८. मूलभूत हक्कांचं प्रकरण त्या यादीत नाही. धर्माचं प्रकटीकरण, आचरण आणि प्रसार यांचं स्वातंत्र्य देणारं कलम २५ असो, की अल्पसंख्याकांना शाळा-कॉलेजं काढण्याचा हक्क देणारं कलम ३०, त्यांच्या दुरुस्तीला महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जणांना विचारावं लागत नाही. संसदेची दोन सभागृहं झाली की विधेयक थेट राष्ट्रपतींकडे जातं आणि १९७१च्या चोविसाव्या दुरुस्तीनंतर राष्ट्रपतींना संमती द्यावीच लागते. तेव्हा ठाणे, कल्याण आणि भिवंडी या तीन मतदारसंघांतल्या माणसानं अशा वेळी गाठायचा तो खासदार.

कलम २५ मधला ‘प्रसार’ हा शब्दही मुळात असाच, संसदेसारख्याच सभागृहात मतं वळवून आला. संविधान सभेच्या अल्पसंख्याक उपसमितीत ख्रिस्ती सदस्यांनी त्याचा आग्रह धरला. ६ डिसेंबर १९४८ला मसुद्यावर चर्चा झाली तेव्हा लोकनाथ मिश्रांनी त्याला कडाडून विरोध केला. बाजूनं बोलले ते केवळ ख्रिस्ती सदस्य नव्हेत. मुंबईचे कन्हैयालाल मुन्शी उभे राहिले आणि हा शब्द अल्पसंख्याकांशी झालेल्या समझोत्याचा भाग आहे, ख्रिस्ती समाजानं त्यावर सर्वांत जास्त भर दिला होता, असं त्यांनी सभागृहाला सांगितलं. टी. टी. कृष्णमाचारींनी आपण ख्रिस्ती संस्थांत शिकलो, पण आपल्याला कोणी धर्म बदलायला लावलं नाही, असा स्वतःचा अनुभव मांडला. पुढच्याच वर्षी, मे १९४९ मध्ये, धार्मिक अल्पसंख्याकांच्या राखीव जागा सोडून देण्याचा निर्णय झाला. राखीव जागा सोडणाऱ्या समाजाला हक्कांच्या कलमांबद्दल इतकी काळजी का वाटते, याचं उत्तर मला तरी इथे दिसतं: त्यांच्या हातात मतदारसंघ नाही, कलमंच आहेत.

त्या शब्दाची हद्द न्यायालयानं नंतर आखली. १९७७ मध्ये रेव्हरंड स्टेनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मध्य प्रदेश आणि ओडिशाचे धर्मांतरविषयक कायदे वैध ठरवले: धर्माची शिकवण लोकांपर्यंत पोहोचवण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क नाही. चर्चच्या अनेक अभ्यासकांना हा निकाल आजही खटकतो.

शाळांची गोष्ट अधिक तपशिलात बघण्यासारखी आहे, कारण चर्चशी संबंध नसलेल्या मराठी घरालाही तिचा अनुभव असतो. नाशिकजवळ देवळालीला बार्न्स हायस्कूल आहे, बॉम्बे एज्युकेशन सोसायटीचं. १९५४च्या जानेवारीत मुंबई सरकारनं आदेश काढला की इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी अँग्लो-इंडियन आणि आशियाबाहेरच्या वंशाचे नागरिक सोडून दुसऱ्या मुलांना प्रवेश देऊ नये. सोसायटी न्यायालयात गेली. तिच्या सोबतीनं दोन पालक गेले: एक ख्रिस्ती, एक हिंदू. मुंबई उच्च न्यायालयात सरकार हरलं, आणि त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयातही. सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा यांवरून नागरिकाला प्रवेश नाकारता येत नाही, असं कलम २९ सांगतं. आणि अँग्लो-इंडियन शाळांना अनुदान हवं असेल तर दरवर्षी किमान ४० टक्के प्रवेश इतर समाजांसाठी खुले ठेवा, असं कलम ३३७ सांगत होतं. सरकारचा आदेश पाळावा तर शाळा घटनेच्या अटीविरुद्ध जात होती.

ही कलमं अशी कामाला येतात म्हणूनच शेजारच्या कलमांना कोणी हात लावला तरी शाळांना चिंता वाटते. १९७८च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनं मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला. ही सर्वांसाठीची दुरुस्ती होती, चर्चला उद्देशून नव्हती. पण मग अल्पसंख्याकांच्या शाळेची जमीन सरकारनं नाममात्र रकमेत घेतली तर? शाळा चालवण्याचा हक्क कागदावर राहील आणि शाळा उरणार नाही. म्हणून त्याच दुरुस्तीत कलम ३० मध्ये पोटकलम (१क) घातलं गेलं: अशा संस्थेची मालमत्ता सक्तीनं संपादन करताना ठरवलेली रक्कम अशी असावी की शाळा चालवण्याचा हक्क आकुंचन पावणार नाही. २००५च्या त्र्याण्णवाव्या दुरुस्तीतही तसंच झालं. खासगी शिक्षणसंस्थांतल्या राखीव प्रवेशांची वाट कलम १५(५) नं मोकळी केली आणि त्याच वाक्यात कलम ३० खालच्या अल्पसंख्याक संस्था वगळल्या. अशा संस्था वगळाव्यात का, यावर प्रामाणिक मतभेद आहेत. कारागिरी मात्र लक्षात घेण्याजोगी आहे: दुरुस्ती पूर्ण थांबवणं हा एकच मार्ग नसतो, तिच्यात एक ओळ घालून घेणं हाही असतो. ती ओळ विधेयक समितीसमोर असतानाच घालता येते. समितीकडे लेखी निवेदन कोणीही पाठवू शकतं. महाराष्ट्राच्या जनसुरक्षा विधेयकावर संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आल्या होत्या. ‘आमचा निषेध’ एवढंच लिहिलेल्या पत्रापेक्षा ‘अमुक खंडातला अमुक शब्द काढा, त्याऐवजी हा घाला’ असं लिहिलेलं पत्र तिथे उपयोगी पडतं.

चर्चचं म्हणणं वर जातं कसं? धर्मग्रामातून फादरांकडे, तिथून आर्चबिशपांकडे. ठाण्याचे लॅटिन कॅथलिक मुंबई महाधर्मप्रांतात येतात, वसईचा धर्मप्रांत १९९८ मध्ये वेगळा झाला. देशपातळीवर कॅथलिक बिशपांची परिषद आहे. प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चेसची राष्ट्रीय परिषद नागपुरात आहे. २०१८ मध्ये गोव्याचे आर्चबिशप फिलीप नेरी फेर्राव यांनी भाविकांना लिहिलेल्या वार्षिक पत्रात राज्यघटना धोक्यात असल्याचं म्हटलं आणि ती समजून घेण्याचं आवाहन केलं. त्यावर मोठा गदारोळ झाला. २०२४ मध्ये बिशप परिषदेनं आपल्या शाळांना सकाळच्या परिपाठात घटनेची उद्देशिका वाचायला सांगितलं.

फादर वेदीवरून काय बोलू शकतात, याला मर्यादा आहे आणि तिचा निकाल आपल्या शेजारच्या निवडणुकीतून आला. १९९०च्या सांताक्रूझ विधानसभा निवडणुकीतून सुरू झालेल्या अभिराम सिंह खटल्यात सात न्यायाधीशांच्या पीठानं २ जानेवारी २०१७ला, चार विरुद्ध तीन मतांनी, ठरवलं की उमेदवाराच्याच नव्हे तर मतदाराच्याही धर्माच्या नावानं मत मागणं हा भ्रष्ट आचार आहे. घटना वाचा, खासदाराला प्रश्न विचारा, हे म्हणायला हरकत नाही. ख्रिस्ती आहात म्हणून अमक्याला मत द्या, हे म्हणता येत नाही. आणि मला ही मर्यादा योग्य वाटते, कारण ती मंदिर, मशीद, चर्च सर्वांना सारखी लागू आहे.

दुरुस्ती मंजूर झालीच तर न्यायालय उरतं. १९६७चा गोलकनाथ खटला जालंधरच्या एका ख्रिस्ती कुटुंबानं जमिनीसाठी लढवला. संसदेला मूलभूत हक्क काढून घेता येणार नाहीत, असा सहा विरुद्ध पाच मतांचा निकाल लागला. २४ एप्रिल १९७३ला केशवानंद भारती खटल्यात, तोही कासरगोडजवळच्या एका मठाच्या स्वामींचा, तेरा न्यायाधीशांनी ती भूमिका बदलली: संसद कोणतंही कलम दुरुस्त करू शकते, पण घटनेची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. धर्मनिरपेक्षता त्या चौकटीत आहे, हे १९९४च्या बोम्मई निकालात पक्कं झालं. उद्देशिकेत ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्द १९७६च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनं आले. त्यांना आव्हान देणाऱ्या याचिका सर्वोच्च न्यायालयानं २५ नोव्हेंबर २०२४ला फेटाळल्या. शब्द उद्या काढले गेले तरी चौकटीतलं तत्त्व त्यानं निघून जाईल, असं बोम्मई वाचून मला वाटत नाही.

एका बाबतीत मात्र चर्च स्वतःच बदल मागतं. १९५०च्या अनुसूचित जाती आदेशानं अनुसूचित जातीचं स्थान हिंदूंपुरतं ठेवलं होतं. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले; कल्याण-उल्हासनगरच्या बौद्ध वस्त्यांना १९९०चं मोल वेगळं सांगायला नको. दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. त्यांना आत घ्यायला ३६२ मतं लागत नाहीत, कलम ३४१ प्रमाणे संसदेचा साधा कायदा पुरतो. २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगानं तशी शिफारस केली. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या याचिका दोन दशकांहून अधिक काळ प्रलंबित राहिल्या, आणि २०२२ मध्ये सरकारनं याच प्रश्नावर न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आणखी एक आयोग नेमला.