चक्कर न येता गेलेला तोल

फोनवर हा लेख वाचत असाल, तर एक छोटा प्रयोग करून पाहा. डोके स्थिर ठेवून फोन डावी-उजवीकडे भरभर हलवा. अक्षरे पुसट होतील. आता फोन स्थिर धरा आणि 'नाही, नाही' म्हणताना हलवतो तशी मान त्याच वेगाने हलवा. अक्षरे बऱ्यापैकी वाचता येतील. डोळे तेच, वेगही तोच. फरक इतकाच, की दुसऱ्या वेळी डोळ्यांच्या मदतीला कान आले.

आपल्या आतल्या कानात ऐकण्याच्या भागाला लागूनच तोल सांभाळणारे अवयव असतात. तीन अर्धवर्तुळाकार नलिकांना डोक्याचे वळणे कळते. दोन छोट्या पिशव्यांना गुरुत्वाकर्षण आणि सरळ रेषेतली गती जाणवते. डोके उजवीकडे वळले, की निरोप मेंदूमार्फत डोळ्यांच्या स्नायूंकडे जातो आणि डोळे तितकेच डावीकडे वळतात. म्हणून चालताना जग हलताना दिसत नाही. हे सगळे अवलंबून असते सूक्ष्म केसांसारखे तंतू असलेल्या 'केशपेशीं'वर. पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा तयार होतात. माणसात मात्र हे नुकसान जवळजवळ कायमचे असते.

या पेशींना एका प्रकारच्या प्रतिजैविकांचा, म्हणजे अँटिबायोटिक्सचा, धोका असतो. त्याची कथा सुरू होते न्यू जर्सीत, एडिसनच्या आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींच्या ओळखीच्या रटगर्स विद्यापीठात. 1943 साली तिथे सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्याने मातीतल्या जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळे केले. क्षयरोगावरचे हे पहिले प्रभावी प्रतिजैविक. त्याने असंख्य जीव वाचवले. पण वापर सुरू झाल्यावर लवकरच काही रुग्णांचा तोल जाऊ लागल्याचे डॉक्टरांच्या लक्षात आले.

1952 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका डॉक्टरने फक्त आद्याक्षरे देऊन स्वतःचा अनुभव लिहिला. स्ट्रेप्टोमायसिनमुळे त्यांच्या दोन्ही कानांची तोल सांभाळण्याची क्षमता गेली होती. अंथरुणात वाचतानाही नाडीच्या ठोक्याने डोके किंचित हले आणि अक्षरे उड्या मारत. मग ते पलंगाच्या लोखंडी गजांमध्ये डोके घट्ट टेकवून वाचत. चालताना पाटी वाचायची तर थांबावे लागे. त्याच वर्षी वॅक्समन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

असे का होते? स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, अमिकासिन, कॅनामायसिन ही औषधे 'अमिनोग्लायकोसाइड' गटातली. जिवाणूंमध्ये प्रथिने बनवणाऱ्या रायबोसोमवर ती हल्ला करतात. आपल्या पेशींतल्या मायटोकाँड्रियाचे रायबोसोम जिवाणूंच्या रायबोसोमशी मिळतेजुळते असतात. त्यातच केशपेशींमध्ये हालचाल ओळखणारी जी सूक्ष्म दारे असतात, त्यांतूनच हे औषध आत शिरते आणि लवकर बाहेर पडत नाही. स्ट्रेप्टोमायसिन व जेंटामायसिनचा मारा मुख्यतः तोलावर होतो, तर अमिकासिन व कॅनामायसिनचा ऐकण्यावर.

खरी अडचण निदानात आहे. एकाच कानाचे संतुलन अचानक बिघडले, तर खोली गरगर फिरते आणि माणूस लगेच डॉक्टरांकडे जातो. दोन्ही कान सारखेच दुबळे झाले, तर गरगरत नाही. फक्त अंधारात पाय अडखळतात, डोळे मिटून तोंड धुताना तोल जातो, चालताना समोरचे चेहरे थरथरतात. ऐकण्याची चाचणी अनेकदा अगदी नॉर्मल येते. 'आजारपणाचा अशक्तपणा आहे, वय झाले आहे' असे म्हणून विषय संपतो. शिवाय हा त्रास औषध बंद केल्यानंतरही सुरू होऊ शकतो.

अमेरिकेत या औषधांवर एफडीएचा ठळक चौकटीतला इशारा असतो. आपल्याकडे क्षयाच्या काही रुग्णांना स्ट्रेप्टोमायसिनची, तर औषधांना दाद न देणाऱ्या क्षयासाठी कॅनामायसिनची इंजेक्शने अनेक वर्षे दिली गेली. 2018 पासून जागतिक आरोग्य संघटनेने कॅनामायसिनऐवजी तोंडाने घेण्याच्या औषधांवर भर दिला. भारतही त्याच वाटेने गेला.

मग ही इंजेक्शने घ्यायचीच नाहीत का? तसे नाही. रक्तातल्या गंभीर जंतुसंसर्गात जेंटामायसिन आजही जीव वाचवते. आणि नेहमीच्या अमॉक्सिसिलिनचा या गटाशी संबंध नाही. इथे किंवा भारतात आईवडिलांपैकी कोणाला रुग्णालयात ठेवले असेल, तर एवढे विचारा: हे औषध अमिनोग्लायकोसाइड गटातले आहे का? किती दिवस द्यायचे आहे? औषधाची रक्तातली पातळी आणि मूत्रपिंडाचे काम तपासले जाते आहे का? मूत्रपिंड दुबळे असेल तर औषध शरीरात साचते. आईकडच्या नातेवाइकांत अशा इंजेक्शनने कोणी बहिरे झाले असेल, तर तेही आवर्जून सांगा. आईकडून येणाऱ्या एका जनुकीय बदलामुळे काहींचे ऐकणे थोड्याशा मात्रेनेही जाऊ शकते. मात्र परस्पर औषध थांबवू नका.

कॅलिफोर्नियात स्टॅनफर्डचे शास्त्रज्ञ केशपेशींच्या दारातून सहज शिरणार नाहीत, पण जिवाणू मारतील अशी सुधारित रूपे शोधत आहेत. तोवर रुग्णाला उपयोगी पडतात ते संतुलनाचे व्यायाम, रात्री घरात लावलेला दिवा आणि वेळेवर ओळखलेली लक्षणे. रुग्ण घरी आल्यावर 'ऐकू येतंय ना?' असे आपण विचारतोच. त्याबरोबर 'चालताना समोरचं हलतंय का?' हेही विचारा.