मुक्या आकड्यांचे दफ्तर

हवामानाच्या वेधशाळेत तापमानाची अखंड नोंद ठेवण्याचे काम पूर्वी एका दंडगोलाकडे असे. आत बसविलेल्या घड्याळाच्या गतीने तो दिवसातून किंवा आठवड्यातून एकदा स्वतःभोवती फिरे, त्यावर गुंडाळलेल्या आखीव कागदावर शाईची लेखणी उष्म्याच्या चढउताराची रेषा ओढी, आणि मुदत भरली की निरीक्षक तो कागद उतरवून, त्यावर ठिकाण व तारीख घालून, दफ्तरी दाखल करी. पुण्याच्या हवामान खात्याच्या कर्मशाळेत अशी स्वयंलेखी उपकरणे तयार होत आली आहेत. त्या कागदाचा एक गुण मला फार मोलाचा वाटतो : अंशांच्या आणि तासांच्या रेघा त्याच्यावरच छापलेल्या असल्यामुळे पन्नास वर्षांनीही तो कोणाच्याही मदतीवाचून वाचता येतो.

या दंडगोलाची जागा पुढे ज्या विद्युत् नोंदयंत्रांनी, म्हणजे डेटा लॉगरांनी, घेतली, त्यांत अमेरिकेच्या यूटा राज्यातील लोगन या गावी १९७४ साली स्थापन झालेल्या कॅम्पबेल सायंटिफिक या कंपनीचे सीआर१० आणि त्याची सुधारलेली आवृत्ती सीआर१०एक्स ही यंत्रे विशेष नावाजली. पोलादी कवचाची ती लहानशी वस्तू. तिला स्वतःचा पडदा नाही, कळा नाहीत. बारा व्होल्टची बॅटरी आणि सौर तावदान एवढ्या सामग्रीवर ती रानात, हिमशिखरांवर, अंटार्क्टिकाच्या मॅकमर्डो परिसरातील निर्जन कोरड्या दऱ्यांतसुद्धा, महिनोन्‌महिने कोणाच्या देखरेखीवाचून आपली रोजनिशी लिहीत राही. आज या यंत्रांचे उत्पादन बंद झाले आहे, आणि कित्येक ठिकाणची ती उतरवून त्यांच्या जागी नवी बसविण्यात आली आहेत.

यंत्राचे कार्य सांगायला सोपे आहे. उष्णतेबरोबर ज्याचा विद्युत्‌रोध बदलतो अशा थर्मिस्टरला ते क्षणभर ठराविक विद्युत् दाब पुरविते, परत येणारा दाब मोजते आणि त्यावरून तापमान काढते. दोन भिन्न धातूंच्या तारांच्या सांध्यात निर्माण होणारा दाब तर अंशामागे सुमारे चाळीस मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टच्या दहाहजारांशाहूनही कमी, असतो. तोही त्याला ओळखता येतो. पर्जन्यमापकातील इवलीशी पन्हळ ठराविक पाणी साचताच कलंडते तेव्हा लोहचुंबक एक कळ मिटवितो, आणि यंत्र ती प्रत्येक कलंडणी मोजून ठेवते. नुसते मोजून ते थांबत नाही : तापमान ठरविलेल्या मर्यादेपलीकडे गेले की पंखा चालू करणे, जमीन ओली झाली की पाण्याची झडप बंद करणे, असले हुकूमही त्याच्या नियंत्रक तारांवाटे सुटतात.

हे हुकूम त्याला द्यायचे कसे ? सगळा व्यवहार आकड्यांत. ७१ म्हटले की सरासरी काढ, ७२ म्हटले की बेरीज कर, ७३ म्हणजे कमाल, ७४ म्हणजे किमान. उत्तरही आकड्यांतच मिळे : स्वल्पविरामांनी तोडलेल्या ओळी, प्रारंभी ओळीचा ओळखक्रमांक, मग वर्ष, वर्षातला कितवा दिवस, वेळ, आणि त्यापुढे ओळीने मोजमापे. कोणता आकडा तापमानाचा, कोणता वाऱ्याचा आणि कोणता बॅटरीच्या दाबाचा, याचा त्या ओळीत शब्दानेही उल्लेख नसे. तो सारा अर्थ, कुठली तार कुठल्या खोबणीत बसविली आहे याच्या तपशिलासह, आज्ञावलीत आणि जोडणीच्या कागदावर असे. म्हणजे यंत्र बंद पडून त्याच्याबरोबर हे कागदही गहाळ झाले, तर वीस वर्षांचे दफ्तर हाती असूनही वाचकापुढे मुके आकडेच उरतात. मोडीत लिहिलेला रुमाल समोर उघडलेला असावा आणि मोडी जाणणारा कोणी नसावा, तशी ती स्थिती होते. मोडी शिकता तरी येते. हरवलेली जोडणी मात्र शिकून मिळत नाही.

मध्यरात्रीचेच उदाहरण घ्या. सीआर१० मालिकेत रात्रीचे बारा ही वेळ सरणाऱ्या दिवसाचे २४०० म्हणून लिहावी की उगवत्या दिवसाचे ० म्हणून, हे आज्ञावली लिहिणाऱ्याने ठरवायचे असे. दिवसभराच्या पावसाची बेरीज त्याच क्षणी नोंदली जात असल्यामुळे ही निवड विसरली गेली, तर सोमवारचा पाऊस मंगळवारच्या नावे पडतो. त्याचप्रमाणे -६९९९ हा आकडा कडाक्याच्या थंडीचा नसून मोजमाप आवाक्याबाहेर गेल्याची खूण आहे, हे ठाऊक नसलेला माणूस तो सरासरीत मिळवून मोकळा होईल.

उत्पादन बंद होण्याला कोणाची दुष्टबुद्धी कारण नसते. आतल्या इलेक्ट्रॉनिक चकत्या (चिप्स) बनविणारे कारखाने त्या चकत्या बनविणे थांबवितात. युरोपात १ जुलै २००६ पासून उपकरणांतील शिशावर निर्बंध आले. आणि ज्या नऊ पिनांच्या जोडणीतून संगणक या यंत्रांशी बोलत, ती नव्या संगणकांतून नाहीशी झाली. आतली छोटी लिथियमची बॅटरी, जिच्यावर सीआर१०एक्सचे घड्याळ आणि स्मृती विसंबून असते, तीही कधीतरी संपतेच.

म्हणून अदलाबदलीची तजवीज आधीपासून झाली पाहिजे. जुने आणि नवे उपकरण काही काळ शेजारी शेजारी चालवावे, हा जागतिक हवामान निरीक्षणाचा मान्य नियम आहे आणि त्यामागे महागात पडलेला अनुभव आहे. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या मध्यापासून हजारो केंद्रांवर काचेच्या तापमापकांऐवजी विद्युत् तापमापक बसले. पुढे पडताळा घेतला तेव्हा कमाल तापमानाची सरासरी सुमारे ०.४ अंश सेल्सिअसने उतरलेली आणि किमान तापमानाची सुमारे ०.३ अंशाने चढलेली आढळली. हवा तीच होती. बदलले होते ते उपकरण आणि त्याचे छत्र.

ज्यांच्याकडे असे जुने यंत्र अजून चालू आहे त्यांना माझी मनापासून विनंती आहे की, ते उतरविण्यापूर्वी त्यातली आज्ञावली काढून घ्यावी आणि छापून ठेवावी, प्रत्येक तारेचा रंग व तिची खोबणी लिहून घ्यावी, पेटीच्या झाकणाला आतून चिकटविलेला कागद असेल तर त्याची प्रत करावी, मध्यरात्र कशी लिहिली आहे ते स्पष्ट शब्दांत नमूद करावे, आणि हे सर्व कागद आकड्यांच्या त्याच बासनात बांधावेत.