डायरेक्टर आणि मॅनेजिंग डायरेक्टर
कंपनी कायदा, 2013 नुसार ‘डायरेक्टर’ म्हणजे संचालक मंडळावर नेमलेली व्यक्ती, आणि या संचालकांपैकी ज्याच्याकडे करार, ठराव किंवा नियमावलीद्वारे व्यवस्थापनाचे भरीव अधिकार सोपवलेले असतात तो ‘मॅनेजिंग डायरेक्टर’, अर्थात व्यवस्थापकीय संचालक. हा भेद इंग्रजी उपपदातही उतरतो: संचालक अनेक असल्याने ‘शी इज अ डायरेक्टर’ असे लिहितात, तर एकाच व्यक्तीकडे असलेल्या पदाआधी उपपद गाळून ‘शी वॉज अपॉइंटेड मॅनेजिंग डायरेक्टर’ असे लिहिणे रूढ आहे. खरा घोळ होतो तो अमेरिकी वळणाच्या कंपन्यांमुळे, कारण तेथे ‘डायरेक्टर’ हा बहुधा व्हाइस प्रेसिडेंटच्या हाताखालचा पगारदार अधिकारी असतो आणि मंडळाशी त्याचा संबंधही नसतो. मराठी बातमीत अशा अधिकाऱ्याला ‘संचालक’ म्हणणे सरळसरळ चूक होय.