जिवावरचे निभावले, हाताचे काय?

आपल्या घरांतून एक म्हण फार सढळपणे वापरली जाते: जिवावरचे बोटावर निभावले. माझी स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा समाचाराला आलेल्या बहुतेकांनी ती मला ऐकवली. म्हण खोटी नाही. पण ज्या बोटावर निभावले त्याचे पुढे काय झाले, हे विचारण्याची रीत मात्र आपल्याकडे नाही.

माझ्या बाबतीत ते बोट म्हणजे उजवा हात. दोन वर्षे झाली. जखम केव्हाच भरली. पण वर्गात फळ्याच्या वरच्या टोकाला लिहायला हात उचलला की खांद्यात कळ येते. दंडाची आतली बाजू एकाच वेळी बधिरही असते आणि जळतेही. दोरीवर कपडे वाळत घालणे, वेणी घालणे ही पूर्वी कामे वाटतच नसत. आता ती बेताबेताने करावी लागतात. कुणाजवळ बोलावे, तर उत्तर ठरलेले: “जीव वाचला ना? मग झाले तर!” मग बाई गप्प बसते. कृतघ्न ठरण्यापेक्षा कळ सोसणे तिला सोपे वाटते.

वास्तविक या दुखण्याला कारणे आहेत. रोग पसरला आहे का हे पाहण्यासाठी काखेतील लसिकाग्रंथी काढतात. त्याच वाटेने दंडाच्या आतल्या कातडीकडे एक मज्जातंतू जातो. तो कापला किंवा ताणला गेला की बधिरपणा येतो, आग होते. काहींच्या काखेपासून दंडापर्यंत कातडीखाली ताणलेल्या दोऱ्या हाताला लागतात. किरणोपचाराने आतला भाग आखडू शकतो. आणि दुखते म्हणून हात छातीशी धरून ठेवला की खांदा जखडतो.

एके काळी याहून कठीण होते. १८९४ साली बाल्टिमोरच्या डॉ. हॉल्स्टेड यांनी प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत स्तनाबरोबर छातीचे स्नायूही काढीत. १९७१ साली डॉ. बर्नार्ड फिशर यांनी अमेरिकेत सुरू केलेल्या तुलनात्मक चाचणीने दाखवून दिले, की एवढी काटछाट केल्याने आयुष्य वाढत नाही. १९९० नंतर सुरुवातीच्या मोजक्या ग्रंथी तपासून, त्या निर्दोष असल्यास बाकीच्या राखण्याची पद्धत आली. तरीही डेन्मार्कमधील तीन हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा दिसले की शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन वर्षांनी शेकडा ४७ जणींना वेदना होत्या. म्हणजे ही एखादीची कुरकुर नव्हे!

उपायही आहेत. २०२१ साली ब्रिटनमध्ये, खांद्याचा त्रास होण्याचा संभव अधिक असलेल्या ३९२ स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतर आठवडा-दीड आठवड्यात तज्ज्ञांच्या देखरेखीखाली व्यायाम सुरू केलेल्यांचा हात वर्षाअखेर अधिक चांगला चालत होता, वेदनाही कमी होत्या. उशिरा सुरुवात केली तरी उपयोग होतो. मी रोज भिंतीवर बोटे चढवीत नेते. पेन्सिलीची खूण आता पहिल्या खुणेहून वीतभर वर आहे. कळ गेलेली नाही. पण पूर्वीइतकी राहिलेली नाही.

म्हणून भगिनींनो, पुढच्या तपासणीला जाल तेव्हा हाताविषयी आपण होऊन सांगा. मज्जातंतूच्या वेदनेवरची औषधे वेगळी असतात. हाताला सूज, लाली वा ताप आला, किंवा दुखणे नव्याने वाढले, तर थांबू नका.

आणि घरच्या मंडळींनी “बरी आहेस ना?” याऐवजी “हात कुठवर जातो?” असे विचारावे. सगळी कामे काढून घेणे म्हणजे मदत नव्हे. हात हलता राहायला हवा. जड तेवढे आपण उचलावे. यंदा चकलीचा सोऱ्या कोणी दाबायचा, हे ठरवताना एवढे बोलणे घराघरांत व्हावे.