कागदाचा धनी कोण?

व्यवहारातल्या कागदाचे मोल त्यावरच्या मजकुराइतकेच तो कुणी काढला यावरही ठरते. म्हणून तर आपल्या कचेऱ्यांत बारनिशी असते. कागदाला क्रमांक पडतो, तारीख पडते, तो कुणाकडे गेला हे लिहिले जाते. संगणकाच्या छपाईलाही अशी एक बारनिशी असते. वेब सर्व्हिस आल्यावर ती कुठे तुटली आणि कशी सांधता येते, हे येथे मांडतो. माझ्याकडे संगणकशास्त्राची पदवी नाही. हस्तपुस्तिका वाचत आणि यंत्रापुढे बसून जे उमगले, ते हे.

आयबीएमने २१ जून १९८८ रोजी एएस/४०० हा संगणक जाहीर केला. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातील रॉचेस्टर येथे तो घडला. मेनफ्रेमइतका अवाढव्य नाही, टेबलावरच्या पीसीइतका लहानही नाही, असा हा मधल्या आकाराचा, धंद्याच्या हिशेबासाठी बनवलेला संगणक. पुढे नावे बदलत गेली. आज त्याच परंपरेतल्या कार्यप्रणालीला ‘आयबीएम आय’ म्हणतात. जुनी माणसे मात्र अजून ‘एएस फोर हंड्रेड’च म्हणतात.

या यंत्रावर प्रोग्रॅम सहसा थेट कागदावर छापत नाही. संगणक वेगवान आणि प्रिंटर संथ, म्हणून छापायचा मजकूर आधी एका फाइलीत साठतो. तिला स्पूल फाइल म्हणतात. ती ‘आउटपुट क्यू’ नावाच्या रांगेत उभी राहते आणि पाळी आली की छापली जाते. प्रत्येक स्पूल फाइलीला स्वतःचे नाव व क्रमांक असतो, शिवाय ती ज्या जॉबमधून निघाली त्याची ओळख चिकटलेली असते. जॉबच्या ओळखीचे तीन भाग: सहा आकडी क्रमांक, वापरकर्त्याचे नाव आणि जॉबचे नाव. हिरव्या अक्षरांच्या टर्मिनलवर कारकून स्वतःच्या नावाने आत शिरे, त्याच नावाने जॉब सुरू होई आणि त्याने काढलेल्या प्रत्येक बिलाला ते नाव आपोआप लागे. धनी शोधावा लागत नसे.

वेब सर्व्हिसने हा धागा तोडला. दुकानदाराचा मोबाइल किंवा दुसऱ्या कंपनीचा संगणक नेटवर्कवरून विनंती पाठवतो. आरपीजी किंवा कोबोलमध्ये लिहिलेला जुनाच प्रोग्रॅम ती पुरी करतो. पण प्रत्येक विनंतीसाठी नवा जॉब उघडणे वेळखाऊ, म्हणून सर्व्हर आपले जॉब आधीच सुरू करून ठेवतो. हे जॉब माणसाच्या नावावर नसतात; बरेचदा ते ‘क्यूडब्ल्यूसर्व्हिस’ अशा यंत्रानेच दिलेल्या नावावर चालतात. एकाच जॉबमधून शेकडो माणसांच्या विनंत्या जातात आणि त्यांच्या साऱ्या कागदांवर धनी म्हणून तेच एक नाव लागते.

यात बिघडते काय? समजा, औषधांच्या घाऊक व्यापाऱ्याकडे एकाच मागणीची दोन चलने छापली गेली आणि माल दोनदा बाहेर पडला. दुकानदाराने बटण दोनदा दाबले, की उत्तर वेळेत न आल्याने त्याच्या संगणकाने विनंती पुन्हा पाठवली? यंत्राला विचारले तर दोन्हींवर तेच नाव. मग ठपका बसतो तो चलन हातात धरून माल काढणाऱ्या गोदामातल्या माणसावर. त्यातच, वेगळे सांगून ठेवले नसेल तर छापून झालेली स्पूल फाइल रांगेतून नाहीशी होते. पुरावाही तिच्याबरोबर जातो.

पहिला उपाय म्हणजे काम सुरू होताना जॉबने खऱ्या वापरकर्त्याची ओळख धारण करणे. मग कागद त्याच्या नावावर पडतो. पण अशी फाइल मूळ जॉबखाली न राहता ‘क्यूपीआरटीजॉब’ नावाच्या निराळ्या जॉबखाली जाते. माणूस सापडतो, ज्या जॉबमध्ये काम घडले त्याच्याशी असलेला दुवा सुटतो.

म्हणून दुसरी तजवीज लागते. प्रत्येक विनंतीने आपला क्रमांक बरोबर आणावा. छपाईपूर्वी प्रोग्रॅमने तो फाइलीच्या ‘यूजर डेटा’ या रकान्यात लिहावा. तिथे जागा फक्त १० अक्षरांची. लांब मजकुरासाठी २५५ अक्षरांचा वेगळा रकाना आहे. फाइल तयार होताच, शेवटची स्पूल फाइल कोणती हे प्रोग्रॅमला यंत्राकडून विचारून घेता येते. ते उत्तर, विनंतीचा क्रमांक आणि मागणाऱ्याचे नाव एकाच ओळीत तक्त्यात नोंदवले की बारनिशी पुन्हा उभी राहते.

तिसरी तजवीज पहाऱ्याची. आउटपुट क्यूला ‘डेटा क्यू’ जोडता येतो. फाइल छपाईसाठी तयार झाली की तिथे १२८ बाइटांची चिठ्ठी पडते: कोणता जॉब, कोणती फाइल, कोणती रांग. पहाऱ्यावरचा प्रोग्रॅम ती वाचून नोंद ठेवतो. कागद छापून फाइल गेली तरी नोंद उरते.

या तिन्हींत अवघड तंत्र फारसे नाही. अवघड आहे ती आधी सुचण्याची गोष्ट. पूर्वी माणसाचे नाव कागदाबरोबर फुकट येत होते, म्हणून त्याची किंमत कुणाला कळली नाही. आता माणूस आणि कागद यांच्यात जितके टप्पे वाढतील, तितक्या वेळा ते नाव जाणीवपूर्वक पुढच्याच्या हाती द्यावे लागेल. एका टप्प्याने विसरले, तरी जाब द्यावा लागतो तो रांगेतल्या शेवटच्या माणसाला.